बॅटरी गाडी कुठे लावावी, कुठे लावू नये: आमच्या वसाहतीतल्या चार्जिंग पॉइंटचा रिव्ह्यू

आमची ज्येष्ठांची वसाहत सोलापूरहून विजापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, सोरेगाव ओलांडलं की थोडं आत आहे. आवार मोठं आहे. आमच्या बिल्डिंगपासून दवाखाना आणि फिजिओथेरपीची खोली तरण्या माणसाला पाच-सात मिनिटांवर. पण आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाल्यापासून तेवढं चालणं होत नाही. व्हीलचेअर ढकलत न्यावी तर मधे चढ लागतो, आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. त्यामुळे बॅटरी गाडी आमच्या घरात चैन म्हणून आलेली नाही. ती चार्ज असली तर ह्यांचा व्यायाम होतो, नसली तर त्या दिवसाचा बुडतो.

सोसायटीच्या स्वतःच्या सहा सीटच्या दोन गाड्या आहेत. शिवाय काही घरांनी आपापल्या दोन-चार सीटच्या घेतल्यात. आमची चार सीटची, मुलानं घेऊन दिलेली. कंपनीच्या कागदावर ‘गोल्फ कार्ट’ लिहिलंय, इथे सगळे बॅटरी गाडीच म्हणतात. गाड्या वाढल्या तसे सोसायटीनं एका कॉन्ट्रॅक्टरकडून आवारात चार ठिकाणी सगळ्यांसाठी चार्जिंग पॉइंट करून घेतले: क्लब हाउसच्या मागे, दवाखान्याजवळ, मेन गेटपाशी आणि देवळाशेजारी. वर्ष उलटून गेलं. उन्हाळा, पावसाळा, थंडी, सगळ्यात वापरून झालं. शहरात आणखी काही सोसायट्यांमध्ये अशा गाड्या घ्यायचं चाललंय असं ऐकते, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आमच्या गाडीचं सीट उचललं की खाली ८ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या दिसतात, मिळून ४८ व्होल्ट. शिशाच्या, पाणी घालायच्या. चार्जर गाडीतच आहे, त्याला फक्त २३० व्होल्टचं साधं १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. ओढतो साधारण ५ ते ६ अँपिअर, म्हणजे गिझरपेक्षाही कमी. पण वेळ खातो. बॅटऱ्या चांगल्या उतरल्या असतील तर पूर्ण भरायला ८ ते १० तास लागतात, आणि ते घाईनं करून घ्यायची काहीच सोय नाही.

हे मला समजावून सांगितलं शेजारच्या तात्यांनी. तात्या मिल बंद पडेपर्यंत मिलमध्ये वायरमन होते. आता वय झालंय, हात थरथरतो, पण सॉकेटकडे नुसतं बघून कुठे काय बिघडणार ते सांगतात. “वहिनी, ह्या गाडीला मोठा चार्जर नको. एक नीट अर्थिंग केलेलं सॉकेट, वर सावली आणि रात्रभर कुणी हात न लावणं, एवढं द्या. पाच वर्षं तक्रार करणार नाही.” माझा सगळा रिव्ह्यू तात्यांच्या ह्या तीन अटींवर बेतलेला आहे.

सुरुवात क्लब हाउसपासून करते, कारण चारांत तोच पॉइंट खऱ्या अर्थानं जमलाय. मागच्या भिंतीला चार सॉकेटं, लोखंडी खोक्यातली, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी, आणि सगळ्यांवर मिळून एक ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा शेवटचा शब्द प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीनं पाठ करावा असं मला मनापासून वाटतं. ओल्या हाताचा, अनवाणी पायाचा माणूस कुठे गळक्या करंटला चिकटला तर हे यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइट तोडतं. ज्येष्ठांच्या वसाहतीत, जिथे निम्म्या लोकांच्या छातीत स्टेंट नाहीतर पेसमेकर आहे, तिथे ह्याशिवाय चार्जिंग पॉइंट सुरूच करू नये.

वर स्लॅब आहे, त्यामुळे सावली पक्की. क्लब हाउसला जनरेटर आहे. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की आमच्याकडे लाइट हमखास जाते, कधी मध्यरात्री दोनला जाते आणि पहाटे येते. काही जुन्या चार्जरांची खोड अशी की लाइट परत आली तरी ते आपणहून सुरू होत नाहीत, सकाळी गाडी अर्धीच भरलेली सापडते. क्लब हाउसला तो प्रश्न येत नाही. शेजारी बाक आहे, पंखा आहे, आणि रात्रीचा वॉचमन तिथेच बसतो.

एक गोष्ट मात्र आम्ही भांडून करून घेतली. सुरुवातीला रात्री तिथलं शटर ओढून घेत, गाड्या चोरीला जाऊ नयेत म्हणून. शिशाची बॅटरी भरत आली की तिच्यातून हायड्रोजन सुटतो, आणि बंद जागेत तो साठला, हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं, तर एका ठिणगीनं पेट घेऊ शकतो. तात्यांनी हे मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. शटर काढून जाळीचं दार बसवलं. वरच्या बाजूलाही जाळी ठेवली, कारण हायड्रोजन हलका, तो छताला जाऊन बसतो. कुणाच्या सोसायटीत बंद गॅरेजमध्ये अशी गाडी रात्रभर चार्जिंगला लागत असेल तर आज संध्याकाळीच खिडकी उघडून ठेवा.

क्लब हाउसची अडचण एकच, गर्दी. संध्याकाळचं भजन संपलं की सगळ्यांना तिथेच गाडी लावायची असते. सॉकेटं चार, गाड्या जास्त. त्यावरून कुरबुरी झाल्या. आता फळ्यावर आठवड्याचा रात्रीचा क्रम लिहिलेला असतो. सोसायटीच्या दोन मोठ्या गाड्यांना दोन जागा कायमच्या, उरलेल्या दोन पाळीनं. क्लब हाउसला ५ पैकी साडेचार.

दवाखान्याजवळचा पॉइंट सगळ्यात गरजेचा, आणि त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. जागा बरोबर निवडली आहे. माणूस तपासणीला आत जातो, फिजिओला तासभर लागतो, तेवढा वेळ गाडी बाहेर उभीच असते. दोन सॉकेटं आहेत. पण वर पत्रा आहे, नुसता पत्रा, आणि पश्चिमेकडून पूर्ण उघडं. सोलापूरचं ऊन बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, आणि दुपारी त्या पत्र्याखाली उभं राहिलं की चेहरा भाजतो. बॅटरी स्वतः चार्ज होताना गरम होते, त्यात ही हवा. बॅटरीवाले एक ढोबळ हिशेब सांगतात: उष्णता १० अंशांनी वाढली आणि तशीच राहिली की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणजे चार वर्षं चालायची ती दोनातच कामातून जाते, आणि सहा बॅटऱ्यांचा सेट बदलायचा म्हणजे पेन्शनीतल्या माणसाला काही महिन्यांचं बजेट. आम्ही उन्हाळ्यात दुपारी तिथे गाडी लावतच नाही. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर.

दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी होती. सॉकेट भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर, गाडी उभी करायची जागा पायवाटेच्या पलीकडे. त्यामुळे काळी वायर पायवाटेवर आडवी पडायची. काठी टेकत जाणारी माणसं, मोतीबिंदू झालेली माणसं, वॉकर घेऊन जाणाऱ्या बायका, सगळ्यांची वाट तीच. एक आजी अडखळल्या, कठड्याचा आधार मिळाला म्हणून वाचल्या. त्या दिवशी मी स्वतः सेक्रेटरींच्या घरी गेले. वायरवर पिवळी पट्टी लावू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, पट्टी दिसायला आधी डोळे हवेत. शेवटी तात्यांनी सुचवलं तसं झालं: सॉकेट वर घेतलं, छपराच्या अँगलला हूक लावला, वायर वरून खाली सोडली. गाडी लावली की वायर डोक्यावरून येते, जमिनीला लागतच नाही. खर्च अगदी किरकोळ आला. नवा पॉइंट करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून वायर वरूनच घ्यावी.

सावलीचं काम अजून राहिलंय. पत्र्याखाली बांबूचा तट्टा किंवा थर्माकोलचं सीलिंग आणि पश्चिमेला हिरवी जाळी, एवढं तरी येत्या होळीच्या आत व्हावं म्हणून मी अर्ज दिलाय. तोवर दवाखान्याला ५ पैकी ३.

मेन गेटच्या पॉइंटबद्दल काय लिहू? कॉन्ट्रॅक्टरनं तिथे ६ अँपिअरची घरगुती सॉकेटं बसवली, मोबाइल चार्जरला लावतो तसली. आमचा चार्जर ६ अँपिअरच्या आतबाहेर ओढतो, तेही सलग आठ तास. पहिल्या महिन्यातच प्लग गरम लागायला लागला. नंतर एका सकाळी गाडी काढायला गेले तर जळक्या बॅकेलाइटचा वास येत होता. प्लग ओढला तर निघेना. निघाला तेव्हा एका पिनेचं पितळ तपकिरी-निळं पडलेलं, आणि सॉकेटच्या त्या भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक बुडबुडे येऊन वितळलेलं. तात्यांनी झाकण उघडलं. आतली वायर इतकी बारीक आणि इतकी कडक झालेली की बोटानं वाकवली तशी तिची साल फुटली. “ही वायर ट्यूबलाइटची आहे,” एवढंच म्हणाले.

सोसायटीनं त्या कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं, तो आला नाही. मग आमच्याच लोकांनी वर्गणी काढून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढून घेतली, १६ अँपिअरची सॉकेटं बसवली. आता गेटचा पॉइंट चालतो. पण तिथे लाइट, सीसीटीव्ही, पंप सगळं एकाच लाइनवर आहे, त्यामुळे पाण्याचा दिवस असला आणि मोटर लावली की व्होल्टेज पडतं आणि चार्जर बंद-चालू होतो. सोलापुरात नळाला पाणी काही रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटर तासन्‌तास चालणार, त्याला इलाज नाही. पाण्याच्या दिवशी गेटला गाडी लावू नका. ५ पैकी २.

इथे अर्थिंगचं सांगायलाच हवं. गेटच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे, कोळसा-मीठ घातलेला. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन आतपर्यंत वाळते, भेगा पडतात, आणि वाळलेल्या जमिनीत अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. पण जिथे प्यायच्या पाण्याची मोजदाद होते तिथे खड्ड्यात पाणी कोण ओतणार? आमच्या मजल्यावरच्या बायकांनी ह्यावर सोय काढली. आरओ मशीनमधून जे क्षारांचं पाणी बाहेर पडतं ते बादलीत जमवतो, आणि माळी रोज संध्याकाळी ते चारही पॉइंटच्या खड्ड्यांत पाळीपाळीनं ओततो. खारं असल्यामुळे अर्थिंगला ते चांगलंच. हेच पाणी कुणी बॅटरीत घालायला जाऊ नये. बॅटरीला फक्त डिस्टिल वॉटर. नळाचं नको, बोअरचं नको, विकतचं बाटलीतलं प्यायचंही नको.

देवळाशेजारच्या पॉइंटला मी गुण देत नाही, तो तिथून हलवा एवढंच म्हणते. सोय म्हणून बघितलं तर छान आहे, माणसं दर्शनाला येतात, चिंचेच्या झाडाची सावली आहे. पण सॉकेट आहे गाभाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला, आणि गाडी लागते ती आरतीच्या जागेपासून दोन हातांवर. संध्याकाळी ताटात कापूर पेटलेला, समई तेवतेय, उदबत्त्या लागल्यात, आणि बाजूला भरत आलेल्या बॅटऱ्या. हायड्रोजनचं वर लिहिलंच आहे. जागा उघडी आहे, वारं असतं, आजवर काही झालं नाही. म्हणून होणारच नाही असं धरून चालायचं का? सॉकेट देवळाच्या मागच्या कंपाउंडला न्यायला वीस-पंचवीस फूट वायर पुरेल. आमच्या महिला मंडळानं तसं लिहून दिलंय. तोवर आरतीच्या वेळी तिथलं बटण बंद ठेवायचं पुजारीबुवांनी मान्य केलंय, आणि ते आठवणीनं करतात.

आता एक प्रश्न मला फार लोक विचारतात. हायवेला, आमच्या गेटपासून दिसेल एवढ्यावर, गाड्यांचं मोठं चार्जिंग स्टेशन झालंय, तिथे जाऊन पाऊण तासात भरून का आणत नाही? मुलगा आला होता तेव्हा त्याच्या कारमधून तात्यांना घेऊन मुद्दाम बघून आले. स्टेशन स्वच्छ आहे, कारवाल्यांना चांगलं आहे. पण तिथला जाड पाइपसारखा प्लग, ज्याला सीसीएस-टू म्हणतात, तो कारच्या बॅटरीला काहीशे व्होल्टची डीसी देतो. आमची बॅटरी ४८ व्होल्टची, आणि तसा प्लग बसायला गाडीला तोंडच नाही. दुसरं, आमच्या गाडीला आरटीओचा नंबर नाही. ती आवारात चालवायची गाडी आहे, हायवेवर नेणं बेकायदा आणि धोक्याचं. ई-रिक्षा वेगळी, तिचा कायदा वेगळा, ती पासिंग होऊन रस्त्यावर येते. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं जानेवारी २०२२ मध्ये ज्या सूचना काढल्या त्यात शहरात ३ बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात एक आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक चार्जिंग स्टेशन हवं असं म्हटलं होतं. चांगलंच आहे. पण ते सगळं रस्त्यावरच्या वाहनांसाठी. आवारातल्या आमच्यासारख्यांची सोय आवारातच व्हायला हवी, आणि ती सोसायटीनंच करायची.

तात्यांची लेक अमेरिकेत फ्लोरिडाला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा ते ‘द व्हिलेजेस’ नावाची निवृत्तांची वसाहत बघून आले. गाव कसलं, शहरच म्हणा, आणि माणसं बाजाराला, डॉक्टरकडे, मित्रांकडे गोल्फ कार्टनंच जातात. गाड्यांसाठी वेगळे रस्ते, बोगदे, पूल. तात्यांनी अर्थातच प्लग बघितले. म्हणाले, तिथेही बहुतेक लोक गाडी घरच्या गॅरेजमध्ये, साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर, रात्री झोपताना लावतात. पेट्रोलच्या कार्टही तिथे भरपूर आहेत, चार्जिंगची कटकटच नको म्हणून. मला त्यातलं रात्रीचं तेवढं पटलं. गाडी जिथे रात्री उभी राहते तिथेच तिचं चार्जिंग हवं. दवाखान्याजवळचा, गेटचा पॉइंट अडीअडचणीला.

असं का, ते मला अण्णांनी दाखवलं. अण्णा म्हणजे शहराच्या पूर्व भागात ई-रिक्षांचं गॅरेज असलेले मेकॅनिक. महिन्यातून एकदा सकाळी आमच्या आवारात येतात आणि सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्या तपासतात. माझ्या दृष्टीनं सगळ्या चार्जिंग व्यवस्थेतली सगळ्यात मोलाची सेवा हीच आहे, चारही पॉइंटपेक्षा मोलाची. अण्णा आधी गरम पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी धुतात, पुसून पेट्रोलियम जेली लावतात. मग एकेक टोपण काढून काचेची नळी आत बुडवतात, वरचा रबरी फुगा दाबून सोडतात. ॲसिड नळीत चढतं आणि आतली छोटी काचेची तरंगती कांडी वर-खाली होते. रेघांवरचा आकडा अण्णा मोठ्यानं वाचतात, मी वहीत लिहून घेते. ॲसिड पाण्याच्या तुलनेत किती जड आहे ते हा आकडा सांगतो; बॅटरीच्या पूर्ण भरलेल्या घरात, म्हणजे कप्प्यात, तो १.२७ च्या आसपास यायला हवा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या गाडीची सगळी घरं १.२२, १.२३ अशी येत होती. रात्रभर लावलेली असून. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “अक्का, पोरगा रोज दिवसातून चार वेळा लावतोय आणि अर्ध्यात काढतोय ना?” खरंच तसं चाललं होतं. आमच्याकडे गाडी चालवायला ठेवलेला पोरगा काळजीपोटीच दवाखान्याला अर्धा तास, देवळाला पंधरा मिनिटं, जिथे सॉकेट दिसेल तिथे गाडी लावायचा, आणि मग रात्री चार्जरचा दिवा लवकर हिरवा झाल्यासारखा वाटला की काढून ठेवायचा. शिशाच्या बॅटरीला ही सवय मारक. ती रोज पूर्ण भरली नाही तर प्लेटांवर सल्फेटचा थर बसत जातो, कडक होतो, आणि तेवढी बॅटरी कायमची कमी होते. अण्णांनी दोन-तीन दिवस रात्रभर पूर्ण चार्ज करायला सांगितलं, पाणी घातलं, आणि पुढच्या खेपेला आकडे वर आलेले होते. एकच घर मागे राहिलं, त्याच्यावर खूण करून ठेवलीय.

पाण्याचाही नियम त्यांनी शिकवला: आधी चार्ज करा, मग पाणी घाला. चार्ज होताना आतलं पाणी फुगून वर येतं. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जाऊन खालचं लोखंड खातं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढं आधी घालायचं. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला बघायचं, थंडीत महिन्यानं चालतं. अण्णांचा तपासणीचा दर माफक आहे, डिस्टिल वॉटरचे पैसे वेगळे. त्यांना ५ पैकी ५, आणि हे मी विचार करून देतेय.

एका घरी नवी लिथियमची गाडी आलीय. तिला पाणी नाही, वजन कमी, अर्धवट चार्जिंगचं तिला काही वाटत नाही. दवाखान्याला तासभर लावली तरी तिचा खरंच फायदा होतो. किंमत जास्त आहे. पण तिचा चार्जर वेगळा, आणि शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला लावायचा नाही. म्हणून सार्वजनिक पॉइंटला फक्त सॉकेट असावं, चार्जर ज्यानं त्यानं आपल्या गाडीबरोबर ठेवावा. आमच्या एका सभासदांनी सोसायटीनंच भिंतीवर मोठे चार्जर बसवावेत असा ठराव आणला होता, तो ह्याच कारणानं मागे घेतला.

पैशाचं थोडक्यात. आधी गाडीमागे महिन्याची सरसकट रक्कम होती. ज्यांची गाडी आठवड्यातून दोनदा निघते त्यांनाही तेवढेच, आणि दिवसभर फिरणाऱ्यांनाही तेवढेच. आता प्रत्येक सॉकेटला सबमीटर आहे, लावताना-काढताना वॉचमन वहीत आकडा टाकतो. आमच्या चार सीटच्या गाडीला रात्रीचे साधारण ३ ते ४ युनिट लागतात, सहा सीटच्या गाडीला दुपटीच्या आसपास. सेक्रेटरींना भीती होती की सभासदांकडून असे पैसे घेणं म्हणजे वीज विकणं होईल आणि परवाना लागेल. तसं नाही. ऊर्जा मंत्रालयानं एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की वाहन चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्याला परवाना नको. कुणाच्या सोसायटीत हा मुद्दा अडला असेल तर तो कागद मीटिंगला ठेवा.

आणखी एक काम हातात घ्यायला हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या, छतावर सौर पॅनेल बसवायच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक सोयींसाठी, त्यात वाहनांचं चार्जिंगही आलं, किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. क्लब हाउसची गच्ची मोकळी आहे आणि ऊन तर आपल्याकडे कधीच कमी पडत नाही. दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरवरून जमा होईल, रात्रीच्या गाड्यांना ती वळती होईल. तात्यांनी गच्चीचं माप काढून दिलंय, मी अर्जाचा मसुदा केलाय, पुढच्या सर्वसाधारण सभेत तो ठेवणार आहोत.

वसाहतीतल्या नव्या मंडळींसाठी: रात्री गाडी लावायची असेल तर क्लब हाउसच्या फळ्यावर दुपारी चारपर्यंत फ्लॅट नंबर लिहा. आपला प्लग जड तीन पिनांचा १६ अँपिअरचाच हवा, एक्स्टेन्शन बोर्ड लावू दिला जात नाही. दवाखान्याजवळचं दुसरं सॉकेट कुलपात आहे, त्याची किल्ली वॉचमनकडे असते. घरात आजारी माणूस असेल तर कुठल्याही वेळी सही करून ती मिळते, तिथे पाळी लागत नाही.